पास झालेलीचं पुस्तक

(आदिलाबादेत कॉलेजासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या शोभाबाईंनी दुकानात उभ्या उभ्या सांगितलं, ते ऐकलं तसं.)

माहेर माहं भीमपूरकडलं, पैनगंगेच्या या काठचं, नदी ओलांडली का महाराष्ट्र. घरी कापूस, जवारी. शाळा मराठी, थेही सातवीपर्यंतच. लगन होऊन आदिलाबादेत आली तं बाजारात समदं तेलगू, मी तोंड उघडलं का बाया हासे. मालकानं कॉलेजासमोर झेरॉक्सची मशीन टाकली होती, थे गेले त्याले आठ वर्षं झाली, तवापासून मशीनपाशी मीच उभी हाय.

इंग्रजी मले वाचता येत नाही, खोटं काऊन बोलू. पण कागद मले कळते. कोणता कागद मशीनमधी फसन, कोणती कापी काळी पडन, बोटानं समजते. माह्या दुकानातली कापी पांढरीफट्ट राह्यते, कोणी पेन्सिलनं काही खरडलं असन तं मी आधी रबर फिरवतो मंग मशीनवर ठेवतो, मालकानं शिकवलं तसं. त्याच रबरानं माहा घात केला, थे सांगतोच.

कॉलेजातल्या पोरी कंप्युटरच्या प्रोग्रामचं पुस्तक मांगाले येते तं पुस्तकाचं नाव नाही सांगत. अक्का, पास झालेल्याचं द्या, म्हणते. मांगच्या साली जो पास झाला त्याच्या पुस्तकाची कापी. तशी चालच पडली इथं. इंग्रजीतलं जाडं पुस्तक मराठी शाळेतून आलेल्या पोरीले झेपत नाही, शिकवणारे सर दर साली नवे, म्हणून एक पातळ गाइड चालते. कोन्या शहरातून त्याचे गठ्ठे येते. लिवणाऱ्यानं त्यातला एक तरी प्रोग्राम कंप्युटरवर चालवून पाह्यला का, देवालेच माईत. पण परीक्षा कागदावर होये, पोरी पाठ करून उतरवत, तपासणाऱ्याच्या पुढ्यात बी थेच गाइड, मंग समदे पास.

सुनीता म्हणून एक उटनूरकडली पोरगी होती, होस्टेलची, लय हुशार. पहिल्या नंबरानं पास झाली आन जातानी तिचं गाइड माह्या हाती देल्लं. म्हणे, अक्का, हे जपून ठेवा, मांगून येणाऱ्या पोरीयले कामी पडन. मी दसऱ्याले त्याले हळदकुंकू वाह्यलं. उघडून पाह्यतो तं पानोपान पेन्सिल, बारीक अक्षर, ओळीवर ओळी. मले वाटलं, शिकतानी खरडत बसली असन पोरगी. दोन दुपारी बसली मी रबर घेऊन, एक एक पान साफ केलं, फुंकर मारून चुरा उडवला. काय सांगू तुमाले, लय समाधान वाटलं होतं. मंग त्याच्या कापीवर कापी काढल्या, आन एक कापी माह्या पूजाले देल्ली.

पूजा माही एकच लेक, याच कॉलेजात शिकते. तिनं थे पुस्तक असं पाठ केलं का भाकरी थापतानी तोंडात तेच. आन यंदा नियम बदलला, परीक्षा कंप्युटरवर, बाहेरचे सर आले. हिनं पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवलं तं चालेच ना. तिसऱ्यांदा केलं, नाही चाललं. सर म्हणे, हे कोणी शिकवलं तुले. नापास. हैदराबादेत पुढच्या शिक्षणाले शीट मिळाली होती, थे लटकली. आता सप्ली द्याची, म्हणजे नापासाची फेरपरीक्षा, त्याच्यात पास झाली तरच जाता येते.

घरी आली आन म्हणे, आई, पुस्तकच खोटं हाय. मी तापली. माहं डोकं तापलं का तोंडाले आवर नाही राह्यत. म्हटलं, याच पुस्तकावर सुनीता पहिली आली, नाचता येईना अंगण वाकडं, तूच धड वाचलं नसन. दोन दिवस तिनं माह्याशी बोलणं टाकलं. मंग हिले शरम वाटावी म्हणून मी सुनीताले फोन लावला आन हिले ऐकू जावं म्हणून मोठ्या आवाजावर टाकला. म्हटलं, सांग इले, कसं वाचलं तू थे पुस्तक.

सुनीता म्हणे, अक्का, थे पुस्तक चुकीचंच होतं. मी लॅबमधी बसून एक एक प्रोग्राम चालवून पाह्यला, चुकला तिथं बाजूले पेन्सिलनं बरोबर करून लिवला, म्हणून तं तुमच्यापाशी ठेवलं. पूजा म्हणे, कोणती पेन्सिल, आई.

मी रबराचं सांगतलं. काय करू, सांगाच लागलं. सुनीता म्हणे, आता मले थे काहीच आठवत नाही अक्का, आन फोन ठेवला. मी माह्या हातानं लेकीच्या ताटात माती कालवली, आन वरतून तिलेच बोलली. तिच्यासारख्या आणखी किती पोरी नापास झाल्या, त्यायच्या मायबापाले काय तोंड दाखवू.

सकाळी दुकान उघडलं, पेटीतून थे असल पुस्तक काढलं, शिव्या द्याले काढलं समजा. दारातलं ऊन पानावर आडवं पडलं आन मी थबकली. कागद मले कळते म्हटलं ना. पेन्सिल पुसल्या जाते, दाबलेलं पुसल्या जात नाही. सुनीता दाबून लिवे, आडव्या उजेडात तिच्या अक्षराचे वळ पानावर दिसत होते. पूजाले हाक मारली, म्हटलं, मले अक्षर येत नाही, पण पान धरता येते, तू वाच.

तवापासून हेच चालू हाय. मी धरतो, थे वाचते, वहीत उतरवते, मंग कॉलेजात जाऊन चालवून पाह्यते. आता नुसतं वाचलेलं ती खरं मानत नाही. नापास झालेल्या बाकी पोरी बी तिची वही मांगून नेते. काही पानं लागतच नाही, तिथं माहं रबरच जोरात फिरलं. सोमवारी सप्ली हाय. नवे पोट्टे अजून पास झालेल्याचं पुस्तक मांगते, मी नाही म्हणतो, तं समोरच्या दुकानात जाते, तिथं माहीच जुनी कापी भेटते त्यायले. त्यायचं बी देव भलं करो. हे पाय, हाक मारून राह्यली, आई, जरासं अजून वाकडं धर म्हणे. तुमी थोडे बाजूले सरका बावा, उजेड अडून राह्यला.