कोटाला काही झालेलं नाही

— हां, अशाच उभ्या राहा, हात खाली, श्वास सोडा... अहो सोडा म्हटलं, धरून कुठे ठेवताय, कोट काय श्वासासकट बेतायचाय? आणि रागावू नका हं, आमच्या टोळीत नव्या आहात म्हणून सांगते — आत आलात, पिशवी ठेवलीत, कोट चढवलात, स्टुलावर उभ्यासुद्धा राहिलात, पण ते वाक्य म्हणायचं विसरलात. कुठलं काय! 'सगळं ठीक.' आधी 'सगळं ठीक', मग जगातलं बाकी जे काय असेल ते. आपली पोरं तिकडे फौजेत, आणि आपल्यातली कुणी अवेळी दारात दिसली की समोरचीला आधी तेच वाटतं — काही कळलं म्हणून आली का ही? म्हणून हा नियम. नर्सबाई फोन करते तीसुद्धा एका दमात — 'सगळं ठीक, माझी छत्री राहिलीय का तुझ्याकडे?' आणि बसवाली! ती शहरबस चालवते ना, समोरच्या स्टॉपवर थांबली की खिडकीतून डोकं काढून ओरडते, 'सगळं ठीक!' बसमधल्यांना वाटतं बाईचं डोकं फिरलं. एकदा मागच्या सीटवरून एक आजोबा म्हणाले, 'कसलं ठीक? पाठ धरलीय सकाळपासून.'

हसा की जरा. बरं, नका हसू, टाचण्या लावतेय. तुमची लेक फौजेत जाऊन किती झाले, तीन महिने? पहिले काही महिने सगळ्याच विसरतात, असू दे. माझ्या तोंडाकडे काय बोट करताय? मिशी फुटलीय का मला? टाचण्या आहेत त्या, तीस वर्षं टाचण्या दातांत धरून बोलतेय, एकही गिळलेली नाही. हात खाली! खांद्याला ढिला वाटतो म्हणालात ना मघाशी, तेवढंच काय ते बोललात आल्यापासून. बघू — खांदा तर... खांदा बसलाय. बाही? बाही मनगटावर, जिथे हवी तिथे. पाठीला चुणी नाही, खालचा काठ सरळ. अहो, हा कोट गेल्या महिन्यात मीच बेतलाय तुमच्या मापाला, माझी टीप मला ओळखू येणार नाही होय? आणि तुम्ही बारीकही झालेल्या नाहीत, उगाच आशा लावून घेऊ नका. कोटाला काही झालेलं नाही.

लाजताय कशाला? तुम्ही काय पहिल्या आहात? नर्सबाई आली होती उशीचा अभ्रा घेऊन — उसवला म्हणे आपोआप. आणि उसवलेला कसा, एका सरळ रेषेत, एक धागा इकडचा तिकडे नाही! आपोआप उसवलेली शिवण अशी असते? दवाखान्यातली कात्री ती, मी काय आंधळी आहे? पण मी आपली म्हटलं, 'हो गं, हल्ली धागाच मेला कच्चा येतो.' आणि बसवाली तर विचारूच नका. एकाच शर्टाचं एकच बटण, महिन्यात पाचदा तुटलं. पाचदा! शेवटी मी वैतागून बटणं काढली आणि सरळ चेन लावून दिली. तर दुसऱ्या दिवशी हजर — चेन अडकते म्हणे! मग बसली इथे या खुर्चीवर दीड तास, आणि चेनचं नावसुद्धा काढलं नाही, पोराला लहानपणी गोवर आला होता त्याचंच सांगत बसली. त्या गोवराचा ठिपका न् ठिपका पाठ झालाय मला. आता मला कळतं, त्यांना कळतं की मला कळतं, पण बोलत कुणी नाही. घरात बसवत नाही हो, एवढंच. टीव्ही लावला तर बातम्या, बंद केला तर शांतता. आणि 'मला एकटीला करमत नाही' असं तोंडाने म्हणायचं म्हणजे जिवावर येतं, त्यापेक्षा अभ्रा कापणं सोपं. तेव्हा कोट घेऊन आलात, बरं केलंत. दोन टाचण्या लावते, चार दिवस इथे टांगून ठेवते, मग काढते. छान झालं म्हणून घेऊन जा.

परत बोट! मुंगी चढलीय का तोंडावर माझ्या? नाही ना, मग उभ्या राहा सरळ. आमचा लांब्या पण असाच, माप घेताना एक क्षण स्थिर म्हणून नाही. माझा मुलगा हो, दुसरं कोण! सहा फूट तीन इंच. विजार शिवून हातावेगळी करावी, तर महिन्याभरात घोटे बाहेर. मी म्हणायची, लांब्या, तू वाढतोस की माझं कापड आटतं? दाराच्या चौकटीला कपाळ आपटायचं आणि वर चौकटीलाच शिव्या द्यायच्या! फौजेत निघाला तेव्हा म्हणतो कसा, 'साहेब' — मला साहेब म्हणतो मेला — 'साहेब, रडायचं नाही हं.' मी म्हटलं, रडतेय कशाला, तुझ्या विजारींतून सुटले एकदाची, आता सरकार बघेल तुझे घोटे. असं म्हटलं खरं. आणि तो गेला त्याच संध्याकाळी त्याच्याच मापाची एक विजार कापायला घेतली. हाताला काही काम नको? त्यानंतर झाल्या असतील सहा-सात. सात. बसवालीला सांगू नका हं, ती मला आयुष्यभर ऐकवेल.

फोन करतो ना, दर रविवारी करतो. आणि बोलतो काय? जेवलास का — हो. झोपलास का — हो. थंडी आहे का — नाही. संपलं! तीन शब्दांचा मुलगा. पण त्या तीन शब्दांवर माझा आठवडा निघतो. गेल्या रविवारीसुद्धा... गेल्या रविवारी चष्मा फुटला म्हणत होता. असं मी नर्सबाईला सांगितलं. तुम्हाला म्हणून सांगते, तुम्ही काही कुणाला बोलायच्या नाहीत, तुमच्या तोंडून तर शब्द काढायचा म्हणजे चिमटा लावावा लागतो. आलाच नाही फोन. त्याच्या आधीच्या रविवारीही नाही. नर्सबाईने विचारलं, तर 'नाही आला' असं तोंडातून निघेना, आणि काहीतरी सांगायचं म्हणून चष्मा निघाला. चष्मा! लांब्याला चष्मा नाहीच. आणि नर्सबाई म्हणाली, 'डोळ्यांची काळजी घे म्हणावं.' तिलाही माहीतय त्याला चष्मा नाही. पण म्हणाली हो, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली, जास्तीचं झालं म्हणून. एकट्या बाईच्या घरात तेव्हापासून रोज जास्तीचं होतंय!

अहो, खोटं का म्हणजे? मी सगळ्यांना हसवायची, चिडवायची. मीच तोंड पाडून बसले, तर या अभ्रे घेऊन जाणार कुठे? आणि फोन नाही आला म्हणजे काय झालं, असतील कुठे दूर, नसेल तिथे सोय. म्हणूनच तुम्हाला थट्टेवारी म्हटलं होतं ना गेल्या खेपेला — तुमची लेक त्याच छावणीत, ती गाड्या दुरुस्त करणार, आमचा लांब्या गाड्या चालवणार, म्हणजे हा मोडणार आणि ती बिचारी जोडणार — तिला म्हणावं, दिसला तर कान धर त्याचा आणि सांग, आईला फोन कर. स्टुलावर चढावं लागेल तिला, पण धर म्हणावं. सांगितलंत ना तिला? मान हलवलीत. सांगितलंत. बरं. मग? भेटला? ... अहो हलवा ना मान आता. मघाशी नको म्हटलं तरी हात हलवत होतात.

टोचली का टाचणी? नाही टोचली. मग डोळ्यांत पाणी कशाचं? लेक बरी आहे ना तुमची? ती बरी आहे. ती बरी आहे, तुम्ही बारीक झालेल्या नाहीत, कोटाला काही झालेलं नाही, आणि तुम्ही भर दुपारी कामावरून सुट्टी काढून... थांबा. काही बोलू नका. उतरा खाली. नको, तिथेच राहा, तुमचा हात द्या मला फक्त. एवढंच सांगा — आहे ना तो? आहे. परत म्हणा. आहे. अजून एकदा, माझ्याकडे बघून म्हणा.

बरं. आहे. आहे म्हणजे मग बाकीचं ऐकते मी. हळूहळू सांगा — नको, भरभर सांगा. गाडी उलटली. पुलाच्या उतारावर. कधी? अकरा दिवस! अकरा दिवस झाले आणि मी इथे चष्म्याच्या गोष्टी करतेय. कुठे लागलं? पाय. कुठला? डावा. मोडला? ... मोडला ना? ... काढला. कुठून काढला? अहो रडू नका, कुठून ते सांगा मला, गुडघ्याच्या वर की खाली? मला कळायला हवं. खाली. किती खाली? माझ्या पायावर दाखवा, लाजू नका, दाखवा. इथे. म्हणजे गुडघा आहे. गुडघा त्याचा आहे, वाकतो. नर्सबाई सांगत होती मागे, गुडघा राहिला की पुढचं पुष्कळ सोपं जातं, बसवतात नवीन पाय, चालतात माणसं, जिने चढतात. तशीही त्या गाढवाला दोन पायांवर कुठे धड चालता येत होतं, सगळ्या दारांना कपाळ फोडून झालंय... हसतेय ना मी? मला कळत नाहीये, हसतेय की काय करतेय. मला भीती वाटते हो. फार भीती वाटते. सात विजारी शिवल्यात मी त्याला.

पण मला का नाही कळवलं कुणी? मी आई आहे, माझं नाव दिलंय त्याने तिथे, माझा नंबर... केला होता? कुणी केला होता? शनिवारी. दुपारी. तीनदा.

तो होता?

तो स्वतः? दवाखान्यातल्या फोनवरून? अहो, अनोळखी नंबर होता. मी बघत बसले, वाजतोय, वाजतोय. हातात कात्री होती म्हणून नाही उचलला, असं सांगत होते मी मलाच — कात्री खाली ठेवायला किती वेळ लागतो? बसवालीला मी बजावलंय, कुणाचाही असो, उचलायचा, घाबरायचं नाही, आणि मी काय केलं माहितीये? त्या कपड्यांच्या ढिगाखाली सारला फोन. वर अजून दोन कोट टाकले. मला वाटलं, ऐकलंच नाही तर घडलंच नाही. आणि खाली तो होता. लेकरू माझं, पाय काढलेला, आईला हाक मारत होतं, आणि मी वर कोट रचतेय. तीनदा हो. तीनदा केला त्याने.

काय म्हणाला? तुमच्या लेकीला काय म्हणाला तो, जसंच्या तसं सांगा, एक शब्द गाळू नका. 'साहेब फोन उचलत नाहीत, म्हणजे घाबरल्यात. कुणीतरी समोर जाऊन सांगा.' आणि? 'आणि सांगायच्या आधी त्यांना तोंडातल्या टाचण्या काढायला लावा.' ... अगं बाई. म्हणून बोट करत होतात होय तुम्ही! आल्यापासून बाई मला खुणावतेय, आणि मी म्हणतेय मिशी, मी म्हणतेय मुंगी, मी म्हणतेय हात खाली. पाय गेला तरी आईच्या टाचण्या बघतोय मेला. हात पसरा. घ्या या. अजून एक आहे. झाल्या, नाही आता एकही, बघा आ करून दाखवते.

पुसा डोळे. मीही पुसते. काही चुकलं नाही तुमचं, मीच बोलू दिलं नाही तुम्हाला. सकाळपासून हा धोंडा घेऊन फिरत असाल, आणि वर माझी बडबड ऐकलीत अर्धा तास. नर्सबाईची पाळी चारला सुटते, तिला निरोप द्या, म्हणावं तडक इकडे ये. बसवालीला आत्ता नको, तिला गाडी चालवायचीय, सुटल्यावर सांगू. नंबर? आहे ना माझ्याकडे. न उचललेल्या फोनच्या तीन ओळींत तोच एक आहे. दाबा तुम्ही... नको, मीच दाबते. तुम्ही बाहेर थांबा जरा, दार ओढून घ्या, गिऱ्हाईक आलं तर परत पाठवा, काय वाटेल ते कारण सांगा. लांब जाऊ नका पण. इथेच दाराला पाठ लावून उभ्या राहा, काचेतून तुम्ही दिसलात की पुरे मला. वाजतोय. जा ना. जा, जा — उचलला त्याने.