गेम्सबॉक, थ्री हंड्रेड मॅग्नम आणि पुरुषोत्तम सर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा शुभदाताई, सत्कारमूर्ती आदरणीय पुरुषोत्तम सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि बंदुकांच्या गप्पा ऐकून ऐकून कंटाळलेल्या सरितावहिनी, आणि दारावर कोविड पास दाखवून, मास्क सावरत डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सच्या या हॉलमध्ये आलेल्या माझ्या मंडळींनो,

मी उल्हास. मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात सरांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. सर निवृत्त होऊन पुढच्या आठवड्यात नाशिकला परत चालले आहेत. त्यांच्या कामाविषयी आधीचे वक्ते भरभरून बोलले, तेव्हा मी रायफलीविषयी बोलतो. शिकार म्हटलं की काहींच्या कपाळावर आठ्या पडतात, त्या मास्कवरूनही मला इथून दिसताहेत. तुमच्या मताचा मला आदर आहे. दहा मिनिटं कळ काढा, मागे साबुदाणा वडे तळून होतीलच.

सर आणि मी इथल्या विकलोच्या डोंगरात हरणांच्या शिकारीला जायचो. दोन हजार एकोणीस साली ठरवलं की नामिबियाला जायचं. तिथल्या माळरानावरची मोठाली हरणं, म्हणजे कुडू, गेम्सबॉक वगैरे. आता आफ्रिका म्हटल्यावर हातात तोफच हवी, नाही का? मी एक्सेलमध्ये तक्ता केला. अकरा कॅलिबर, म्हणजे गोळ्यांची मापं, प्रत्येकाचा वेग, ताकद, तीनशे मीटरवर गोळी किती खाली येते, सगळ्याला गुण. आपण इंजिनिअर माणसं, बायकोसुद्धा असाच तक्ता करून निवडली असती, पण घरच्यांनी तेवढी सवड दिली नाही. पहिली आली थ्री हंड्रेड मॅग्नम. सरांना दाखवला. ते म्हणाले, "गणित बरोबर आहे. पण यात रायफल चालवणारा कुठे धरलायस?"

मी हसलो, गार्डा पोलीस स्टेशनात परवान्याचा अर्ज दिला आणि मॅग्नम घेतली.

मग रेंजवर सरांनी एक उद्योग केला. मी पाठ फिरवायची, त्यांनी रायफल भरायची. चार बार झाले. पाचव्या वेळी त्यांनी गुपचूप रिकामं काडतूस घातलं. मी चाप ओढला, नुसतं टिक झालं, आणि नळी चार बोटं खाली गेली. डोळे मिटलेले. "बघितलंस?" सर म्हणाले. "गोळी नव्हती तरी दचकलास. तुला खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची भीती आहे. अरे, तू हत्ती मारायला चालला नाहीस. गाइड दीडशे मीटरच्या आत नेऊन उभं करतो. तुझी जुनी, कमी धक्क्याची थ्री-ओ-एट घेऊन जा, एकशेऐंशी ग्रेन वजनाची चांगली मजबूत गोळी घे, आणि बाकावर टेकून नको, तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल ठेवून उभ्याने सराव कर."

सल्ला सोन्यासारखा होता. पण पालथ्या घड्यावर पाणी.

आता जे सांगणार आहे, ते या सभागृहात सर सोडून कुणालाच माहीत नाही. नामिबियात, वीस सालच्या फेब्रुवारीत, एकशेवीस मीटरवर गेम्सबॉक आडवा उभा होता. माझ्या तिकाटण्यावर मॅग्नम. मी डोळे मिटले. गोळी त्याच्या पोटात लागली. तीन तास आम्ही रक्ताचा माग काढत चाललो. शेवटी झुडपाखाली तो दिसला, तेव्हा मला मॅग्नम पुन्हा खांद्याला लावता येईना, म्हणून सरांनी आपली थ्री-ओ-एट उचलली आणि एका गोळीत त्याचे हाल संपवले. फोटोसाठी मात्र मलाच पुढे केलं. म्हणाले, "परवाना तुझ्या नावावर आहे. बस."

तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. गेल्या वर्षी लॉकडाउनमधल्या झूमच्या दिवाळीत मी तुम्हाला सांगितलं, "एकाच गोळीत आडवा." तुम्ही टाळ्या वाजवल्या. सरही पडद्याच्या एका कोपऱ्यात दिसत होते. मागाहून मी फोन केला, "सर, तुम्ही काहीच बोलला नाहीत." ते म्हणाले, "खोटं तू बोललास. दुरुस्तही तूच करशील." त्याला आता वर्ष होत आलं.

मग आजच का सांगतोय? तिसऱ्या रांगेत आपला हर्षवर्धन बसलाय. येत्या मे महिन्यात तो दक्षिण आफ्रिकेला शिकारीसाठी जातोय. माझी गोष्ट ऐकून त्यानेही थ्री हंड्रेड मॅग्नमसाठी अर्ज भरलाय. गेल्या रविवारी त्याने मला विचारलं, "दादा, एका गोळीत काम होतं ना?" आणि मी, मंडळी, मी म्हणालो, "ग्रँड रे, काही टेन्शन नाही."

हर्षवर्धन, आहे रे टेन्शन. ती रायफल चांगली आहे, पण ती ज्याच्या खांद्याला पेलते त्याच्यासाठी. तो अर्ज मागे घे. मी माझी मॅग्नम विकली, आता थ्री-ओ-एटच वापरतो आणि डोळे उघडे ठेवतो, हे छातीठोकपणे सांगतो. माझ्या मागे सर होते. तुझ्या मागे रक्ताचा माग काढत यायला ते इथे नसतील.

शुभदाताई, वेळ दिलात, आभारी आहे. सरितावहिनी, इतकी वर्षं तुम्ही सरांना आमच्याबरोबर डोंगरात पाठवलंत, त्याबद्दल तुमचं ऋण आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, तर सभेने सांभाळून घ्यावं. त्या दिवाळीतल्या टाळ्या मात्र माझ्या नव्हत्या, त्या आज सरांना द्या. आणि सर, मला माफ करा.