निम्मी घोंगडी

हॅलो?… हॅलो! कोन?… जोरात बोला, हितं माळावर वारं लय हाय… व्हय, मीच रंगुबाई. तुमी कोन?… प्रिय… प्रियदर्श… काय म्हनालासा? लय लांबडं नाव हाय बाई तुमचं. म्हंजे कोन पन?… सांगलीचं पाळनाघर? आमचा बिरू ठिवलाय, त्ये?

आगं बाई! काय झालं पोराला?… पडला का?… ताप?… मंग?… बरा हाय? नक्की बरा हाय न्हवं?… मंग आदी त्ये सांगायचं की वो! थांबा जरा, हातात कोकरू हाय, त्येला खाली सोडते… जा रं, आयकडं जा… हां. बोला आता.

माजा नंबर कुनी दिला?… फारमवर हाय? राणीनं लिवला?… 'आईबाप सोडून घरातलं आनखी एक मानूस'… आसं लिवून घेता व्हय तुमी. बरं, बरं. न्हाई, बरूबर हाय तिचं. बाप बसलाय तिकडं बॉर्डरला, मिलट्रीत. आय दिसभर येष्टीत घंटी मारतीया. मंग ऱ्हायलं कोन? आजी.

व्हय, ठावं हाय मला. दुपारचा झोपत न्हाई. काल रातच्याला सूनबाईचा फोन आलता. रडत हुती. चार दिस झालं म्हनं, पोरगं दुपारचा डोळा मिटत न्हाई, रडून रडून घसा बसलाय. हिचं ध्यान लागंना ड्युटीवर. येकाच म्हाताऱ्याला दोनदा तिकीट दिलं, त्यो भांडाया उठला… हां, मंग म्याच म्हनलं तिला. ऐतवारी येते आन बिरूला जतला घिऊन जाते. तुमचं पाळनाघर तुमाला लखलाभ.

न्हाई, न्हाई, रागानं न्हाई बोलत…

बरं, रागानंच बोलते. मंग?

… कसा झोपायचा म्हंजे? पोर झोपतं तसा… हां, माज्या कुशीत. घोंगडीवर… दिलीया की घोंगडी! तुमच्याकडंच हाय न्हवं निम्मी! माज्या लग्नातली हाय ती, बाई. काळ्या मेंढराची लोकर, सनगरानं मागावर इनलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. बिरू सांगलीला निघाला त्या दिशी, मेंढरं कातरायची कातर घेतली आन मदोमद कापली म्या. आमचं मालक म्हनालं, "येड लागलं का काय तुला? घोंगडी कुनी कापतं व्हय?" म्हनलं, कापते. निम्मी त्येला, निम्मी मला. हातरता न्हवं ती त्येच्याखाली?

… काय केली?

… धुतली?

मशिनीत?… साबन घालून?… आन वर वासाचं पानी?… गुलाबाचं! आरं माज्या बिरोबा!

… आकसली? किती?… टावेलायेवडी?… आन कडक?

न्हाई बाई, आता मला बोलू द्या. तुमी शिकली-सवरली मानसं. घोंगडी साबनानं धुत्यात व्हय? घोंगडीला ऊन दावत्यात. काठीनं झटकत्यात. लईच झालं तर नदीला निऊन नुसत्या पान्यातनं काढत्यात. गुलाबाचं पानी! माजा सासरा आसता तर तुमच्या दारात धरनं धरून बसला आसता.

कोन म्हनलं वास येतो?… दुसऱ्या पोरांच्या आया?… मेंढराचा वास?… त्यो मेंढराचा न्हवं, त्यो माजा वास हाय!

हसताय काय?… हसा, हसा. खरं तेच सांगते. धा वर्सं न्हाई, पन्नास वर्सं झोपले त्येच्यावर. माजाच वास येनार, का गावच्या पाटलिनीचा येनार?

… तुमी सोताच धुतली? गड्यामानसानं न्हाई?… मंग गड्याचं नाव सांगून मोकळं व्हायचं की! म्या काय सांगलीला येऊन बगनार हुते?… न्हाई, पटलं. आपली चूक आपुन सांगितली, पटलं बाई. तोंड तर हाय तुमाला. आन कवा ध्यानात आलं ह्ये?… वहीत? कसली वही?… रोजची?… काय खाल्लं, कवा झोपला, कशापायी रडला, समदं लिवता? आन राणी संध्याकाळी वाचून सही करती… म्हंजे घरचं तिनं लिवायचं, तिथलं तुमी. आसं व्हय. मंग वहीत सापडलं… बेस्तरवारी धुतली, आन शुक्रवारपासनं झोप न्हाई. हां. जमतंय की गनित.

आज काय केलं त्येनं?… नाकाला लावली… आन फेकून दिली. काय म्हनाला?

… "ही न्हवं."

… आगं माज्या लेकरा.

न्हाई, हाय मी. बोला… वाऱ्यानं डोळ्यात माती गेली. काय वो?… न्हाई बाई, तुमाला न्हाई, मालक वरडत्यात खालनं… काय वो! टँकर आला? आला तर येऊंद्या! घागरी तुमी लावा रांगंत!… आवं, बिरूच्या बाईचा फोन हाय! सांगलीचा!… हां, बोला बाई. आमचं मालक, नाथाजी. म्या फोन कानाला लावला की त्येंना समदी कामं आठवत्यात.

जेवतो का तरी नीट?… वरनभात. बरं… भाकरी मागतो? आन करता तुमी? पोरापायी जवारीची भाकरी थापता?… दूध-गूळ घालून कुस्करून. ब्येस केलं. आन कांदा?… न्हाई न्हाई, ठावं हाय मला, जैनाचं घर तुमचं, कांदा-लसूण दारात येत न्हाई… मागतो? व्हय, मागनारच! आजानं बुक्कीनं फोडलेला कांदा चोखत वाढलाय त्यो! मंग काय करता?… वहीत लिवता?… काय, काय, परत वाचा… "आज बिरदेवनं दोनदा कांदा मागितला. कृपया संध्याकाळी घरी द्यावा."

हा हा हा!… आवं बाई, तुमी पन काय कमी न्हाई! आन राणी देती?… आन वहीत लिवती, "दिला"? हा हा… थांबा, ठसका लागला.

… आन बाकी दिसभर? रडतच आसतो का?… न्हाई?… काय खेळतो?… येष्टी?… आसं का? सगळ्या पोरांना वळीनं सतरंजीवर बसिवतो… आन?… आन "जत, जत, चला जत" वरडतो? माजा बिरू?… समद्या सांगलीच्या पोरांना जतला घिऊन येतो! तिकीट किती घेतो मंग?… फुकाट! आजावर गेलाय. आन घंटी?… तोंडानंच. "टिंग टिंग, जाऊंद्या!" आगं आगं आगं… आयचं बगूनच केलं की समदं. संध्याकाळी ती खाकीत दारात आली की काय करतो?… पळत जातो. "मास्तर आलं" म्हनतो? पाशिंजरावानी, आयला?

… हां.

… बोला तुमी.

… त्ये मला सांगितलं हुतं राणीनं. पयला आठवडा घरातलं मानूस पोरासंगं बसाया लागतं म्हनून. "आत्ती, मला रजा न्हाई, तुमी या," म्हनली. म्या म्हनलं, मेंढरं कोन बगंल… खोटं, बाई. मेंढरं मालक बगत्यात. म्या रुसले हुते. दोन वर्सं ज्येला कुशीत घेतलं, त्यो माज्या कुशीतनं न्यायचा, आन वर मलाच दारात राखनीला बसवायचं? न्हाई आले. घोंगडी दिली धाडून. झालं.

आन आता खरं सांगू का?… सांगू?… काल सूनबाई रडत हुती न्हवं फोनवर, तवा मला लय ग्वाड वाटलं. व्हय. पोरगं माज्याबिगर झोपंना म्हनून ग्वाड वाटलं. लाज वाटली पायजे मला… न्हाई, तुमी नका समजूत घालू. माजा तान्या, बिरूचा बाप, येवडा हुता तवा मेंढरामागं हिंडत हुते म्या, घोड्यावर कोंबड्या, पाठीवर त्यो. सासू म्हनायची, ठीव त्येला घरी. न्हाई ठिवला. कुनाच्या हातात न्हाई दिला. आन मी राणीचा न्यायला निगाले. ती पन आयच हाय की.

… काय?… न्हाई, अंगाई-फिंगाई न्हाई म्हनत म्या. आवाज आयकलाय न्हवं माजा? मेंढरं पळत्याल… रोज? रोज काय करायचं… हां, मेंढरं घ्यायचं. सांजच्याला वाघरात मेंढरं येत्यात न्हवं, वाघर म्हंजे जाळी, रातच्याला कोंडायची… ती एक एक नावानं घ्यायची. काळी आली, मोरी आली, तसं. समदी येस्तवर ह्यो झोपलेला आसायचा…

आता? फोनवर?… जागा हाय? बसलाय?… आन बाकीची पोरं झोपल्यात न्हवं, उठत्याल की… बरं. लावा कानाला. लावा.

… बिरू?

बिरू, आरं कोन हाय वळीख… व्हय रं माज्या वाघा. आजीच… जेवला?… कांदा न्हाई? हा हा. आरं, संध्याकाळी आय दील की… आता आडवा हो बगू. बाईच्या मांडीवर टाक डोकं. टाकलं?… डोळं मीट… मिटलं? मला न्हाई दिसत, खोटं बोलशीला… हां.

काळी आली… मोरी आली… शिंगाडी आली, तिच्यामागं तिचं कोकरू आलं…

… काय वो? आवं गप की! मिळंना पानी तर मिळंना! उद्याला हाय टँकर!… न्हाई रं, तुला न्हाई, आजाला म्हनलं. आजा वाटंत उबा ऱ्हायलाय, मेंढरं बुजत्यात…

भुरी आली… तांबडी आली… कानी आली…

लंगडी? आली, आली. मागनं आली. आजानं उचलून आनली… खुटी आली… गंगी आली… कोकरं आली समदी… कुत्रं आलं…

… काय म्हनतो?

… "आजी आली?"

… येती रं. येती माज्या राजा. वाघराचं दार लावती आन आलीच. तू झोप. आलीच बग…

… बिरू?

… बाई? तुमी हाय?… झोपला?… येवड्यात?… आंगठा तोंडात? मंग पक्का झोपला. आता ढोल वाजिवला तरी न्हाई उठनार. घोंगडी धुतलीसा, आवाज तर न्हाई धुतला माजा!

हळू बोलू का? बरं, हळू बोलते… ऐका, बाई. माज्यापाशी दुसरी निम्मी हाय. तीच घिऊन येते. ती कुनी धुतली न्हाई. म्या पन न्हाई… न्हाई, ऊन बी न्हाई दावलं तिला. आता तुमाला काय लपवू, पोरी. बिरू गेल्यापासनं झटकली बी न्हाई. तिला त्येचा वास येतोय. दुधाचा, कांद्याचा, मुतलेला बी आसंल. म्या तीच तोंडावर घिऊन झोपते.

… रडू नकोस गं. तू रडाया लागलीस तर पोरं कोन बगंल?

मंग आसं करू. म्हैनाभर माजी तिथं, त्येच्याखाली. तुज्याकडं आकसलेली हाय ती दे मला. म्या तिला मेंढरात टाकीन, उशाला घीन, म्हैन्याभरात आनते वासावर. मंग पुन्यांदा बदलायच्या. ही हिकडं, ती तिकडं. राणीची येष्टी जतला येतीच की, पिशवीत घालून आनंल… व्हय, वहीत लिव. "घोंगडी बदलली." सही तिची घे, आंगठा माजा घे… आन दुसऱ्या आयांना सांग, ज्येला वास येईल त्येनं नाक धरायचं… तूच सांगतीस? बरं, गोडीनं सांग मंग.

ऐतवारी न्हाई, उद्याच येते. सकाळच्या गाडीनं… न्हाई गं. न्यायला न्हाई. बसायला. आठवडाभर बसते दारात, तुज्या फारमात लिवलंय तसं. माजा पयला आठवडा ऱ्हायलाय, त्यो आता करते… तुज्यात भाकरी कशी थापत्यात त्ये बी बगते. कांदा पिशवीत ठिवीन, भाईर काढनार न्हाई, शपत. बिरूला फाटकाभाईर निऊन दीन… हा हा… आन ती मशीन आदी दाव मला. तिच्यावर येक धोंडा ठिवू.

व्हय, राणीला मीच सांगते. आता ड्युटीवर आसंल, सांजच्याला करते फोन. म्हनते, रडू नकोस, आजी येतीया, पोरगं तुजंच हाय… हां. बरं. ठिवते. तूच ठिव. न्हाई, तू ठिव… बरं, म्याच ठिवते. ठिवला.

… काय वो? वर कशापायी चढून आलासा बोंबलत?… गेला टँकर? जाऊंद्या… आवं, कळलं, येकच घागर भरली… ठिवला की फोन, बंद झालाय कवाच… तरी पन हळू बोला.

बिरू झोपलाय.