अण्णांची अर्धी लोकसभा

मंडळी, नमस्कार. मी रमेश, अण्णांच्याच गल्लीतला. त्यांची मुलगी शोभाक्का म्हणाली, "तू बोल." मी नको म्हणत होतो. वासुदेवअण्णांबद्दल बोलायचा मला हक्क आहे का, हेच कळत नव्हतं. का, ते सांगतो. जड जातंय, सांभाळून घ्या.

के. आर. पुरमचं अण्णांचं बटण-दोऱ्याचं दुकान तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्या दुकानातली लोकसभाही तुम्ही पाहिली असेल. अस्तराचं काळं कापड, त्यावर खडूनं आखलेलं अर्धवर्तुळ आणि पाचशे त्रेचाळीस बटणं. प्रत्येक पक्षाचा रंग वेगळा. अपक्षांना जोड न सापडलेली बटणं. युतीतल्या पक्षांना मागून एकच दोरा. कुणी युती सोडली की अण्णा कापड उलटं करून तो दोरा कापायचे आणि हळहळायचे, मग तो पक्ष कुणाचाही असो.

निवडणूक झाली की जुनी बटणं उसवायची, नवी शिवायची. आम्ही दोघं बसायचो. राजकारणात अण्णा एका बाजूचे, मी दुसऱ्या बाजूचा. नियम अण्णांचा. आपल्या बाजूची बटणं आपण शिवायची नाहीत. तुझी मी शिवणार, माझी तू. आणि प्रत्येक बटणाला मतदारसंघाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. मी वैतागायचो. "अण्णा, हे कशाला?" ते म्हणायचे, "अरे, तिथं माणसं राहतात की. उन्हात रांगेत उभी राहिलीत ती. नाव घेतलंस की राग स्वल्प कमी होतो."

आणि खरंच कमी व्हायचा हो.

गेल्या खेपेला मात्र झाला नाही. आमचंच सरकार येणार म्हणून मी महिनाभर दुकानात छाती फुगवून सांगत होतो. आलं त्यांचं. अण्णांनी चिडवलं, "सरी, झालं ते झालं, बस आता. आमची बटणं जास्त आहेत, तुला चहा दोनदा मागवतो." थट्टाच होती ती, आमच्यातली रोजची. पण मी डबा ढकलला. म्हणालो, "तुमच्या लोकांची बटणं तुम्हीच शिवा." बटणं फरशीभर झाली. ऐंशीच्या घरातला माणूस खाली वाकून वेचायला लागला. आणि मी? मी चपला घातल्या आणि निघालो.

त्यानंतर मी दुकानाची पायरी चढलो नाही. दूध आणायला पलीकडच्या फुटपाथनं जायचो. कशासाठी, मंडळी? दिल्लीत कोण कुठल्या बाकावर बसलंय, यासाठी? ते लोक तिथं एकमेकांबरोबर चहा पीत असतील. आम्ही इथं, एका गल्लीत, एकमेकांना तोंड दाखवत नव्हतो. म्हणजे, मी दाखवत नव्हतो.

परवा, अण्णा गेल्यावर, शोभाक्कानं दुकान उघडून दाखवलं. कापड भिंतीवर होतं. माझ्या बाजूचं प्रत्येक बटण जागेवर. चार-चार टाके, मागं गाठ. सगळं एकट्यानं शिवलेलं. आणि सरकारची बाजू? रिकामी. नुसत्या खडूच्या खुणा.

गिऱ्हाइकं हसायची म्हणे. "काय अण्णा, सरकार तुमचं आणि तुमच्याच भिंतीवर नाही?" शोभाक्कानंही विचारलं होतं, "बाबा, मी शिवू का?" नको म्हणाले. "ती रमेशनं शिवायची आहेत. येईल तो."

येईल तो.

मी नाही आलो, अण्णा. राग तर कधीच गेला होता. नुसती लाज उरली होती. रोज वाटायचं, उद्या जाऊ.

मंडळी, आता दोन मिनिटं उभं राहायचंय. तुम्ही मौन पाळा. मला मात्र माफ करा. त्यांच्याशी मौन मी पुष्कळ दिवस पाळलंय. ही दोन मिनिटं मी अण्णांशी बोलणार आहे. हळू आवाजात.

चला, उभे राहू या.