स्फटिकातलं कथील

हॅलो?… हॅलो, कोण?… लाल्ला खेइरा, तुम्ही होय. हो, मी हौवारियाच. नाही नाही, प्रयोगशाळेतच आहे. बोला ना.

… उठून बसले? उस्ताद? आपले आपण?… आणि वाटीभर हरीरा प्यायले… नाही हो, रडत कशाला असेन. सर्दी झालीय.

… हो… हो… अहो लाल्ला, ऐका ना, मी तुम्हाला फोन करणारच होते. त्या स्फटिकाचं… हो, तोच, तुमचा काळा खडा. चुंबकही आहे आणि गोठवला की वीजही विनाअडथळा वाहते, मीच सांगितलं होतं ना. रविवारी. तुमच्या दारात, चपला काढायच्या आधी… ठाऊक आहे. ते दोन गुण म्हणजे सवती, एका घरात नांदत नाहीत, हे उस्तादच म्हणायचे. जन्म गेला त्यांचा त्या दोघींना नांदवण्यात. आणि तुमचा त्यांची वाट बघण्यात, तेही ठाऊक आहे.

… कोणाकोणाला सांगितलंत?… औषधवाल्यालासुद्धा?… त्लेम्सेनहून तुमचे भाऊ येणार? या शुक्रवारी?… अहो, एवढा घाट कशाला घालताय… तुमच्या हातच्या कुसकुसला मी कधी नाही म्हटलंय का, तसं नाही… मेंढाही सांगून ठेवलात?… लाल्ला, जरा माझं ऐकून तर घ्या…

… डॉक्टर काय म्हणाले?… हं… म्हणजे रमजानपर्यंतसुद्धा नाही… हं… त्यांना माहीत आहे?… बरं.

… फोन देता त्यांना? दोन मिनिटं… त्याच कामाचं आहे. द्या ना.

…

उस्ताद? सलाम, उस्ताद… हो, सांगितलं त्यांनी, हरीरा प्यायलात म्हणून… उस्ताद, तुम्ही हवं तर रागवा, पण आधी ऐका. तो स्फटिक आपण वितळलेल्या कथिलात वाढवतो ना… हो, गरम असतानाच कथील गाळून टाकलं. आम्लातही धुतला. वरून आरशासारखा होता. आज मधोमध कापला… आत भेग निघाली. भेगेत कथील. केसाएवढं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

… वीज स्फटिकातून गेलीच नाही, उस्ताद. कथिलातून गेली. भांड्यांना कल्हई करतात त्या कथिलातून. गोठवलं की कथीलही वीज अशीच विनाअडथळा वाहू देतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना आपण शिकवतो, आणि मी…

… तपासलं. कापायच्या आधीच. लहानसं चुंबक जवळ नेलं तर वीज अडायला लागली, कथिलाचं होतं तसंच… हो, तेही केलं. ज्यात कथील नाही असा तुकडा लावला. काहीच नाही. नुसतं चुंबक आहे तो.

… आता पुन्हा कशानं मोजू? त्यातच गोठवायचं हेलियम संपलं. यंत्र गरम होत चाललंय. आपल्याच किनाऱ्यावरून जहाजं भरभरून हेलियम जातं, आणि आपल्याला एक टाकी… विचारलं. यंदा नाही म्हणाले. पुढच्या वर्षीचंही काही खरं नाही.



… काय म्हणालात?… रविवारीच?… वीज कुठल्या तापमानाला मोकळी वाहते ते मी सांगितलं तेव्हाच?

… हो, कथिलाचंच तापमान होतं. मलाही दिसलं होतं. मी मनाशी म्हटलं, असेल योगायोग. पण तुम्हाला कळलं होतं तर बोलला का नाहीत?

… हं…

… तुम्हीसुद्धा?… एखाद वेळेस कथील नसेलही, असं तुम्हीसुद्धा… नाही, उस्ताद. माझं काही म्हणणं नाही. मी कोण तुम्हाला बोलणार. वाईट वाटतंय, एवढंच. फार वाईट वाटतंय.

… लाल्लांना नाही सांगायचं?… अहो पण शुक्रवारी घर भरलेलं असणार. सगळे माझ्याकडे बघणार. मी घास तरी कसा गिळू… मग कधी सांगू?… तसं बोलू नका… नाही, तुमच्यानंतरही लपवून ठेवणं मला नाही जमायचं. मला खोटं बोलायला तुम्हीच शिकवलं नाहीत, उस्ताद… बरं… बरं. दम लागतोय तुम्हाला, पुरे आता… हो. नाही सांगत. शब्द देते.

…

लाल्ला? हो, मीच… डोळे पुसतायत?… असू दे, पुसू दे. आनंद झाला असेल… हो, चांगलंच सांगितलं मी. सगळं ठीक आहे… येते ना शुक्रवारी. लवकर येते, तुमच्या हाताखाली… खडा? भावांना दाखवायला?… आणते. डबीत घालून आणते, पण हात लावू द्यायचा नाही हं कोणाला…

… काय म्हणालात?… ऐकतेय, लाल्ला… हो… हो, वाया नाही गेला त्यांचा जन्म… तुमचा? नाही हो. तुमचाही नाही गेला वाया.

… बरं. ठेवते आता.