तिसरा थर

—व्हय, वळखलं की. चष्मा जाड झाला म्हणून मानूस चुकत न्हाय मला. पारूबाईची सून तू, प्रसेनजीतची बायकू, दीक्षा. उंबऱ्यावर उभी ऱ्हाऊ नको, आत ये, बस त्या पोत्यावर. सासूनं धाडलं म्हंतीस—धाडलं तर धाडलं. सात वर्सं झाली, तुमच्या घरातनं माझ्या दारात कोन आलं न्हाय आनि मीबी तुमची पायरी चढलो न्हाय. आज अर्धी शिवलेली वाकळ काखंत मारून आलीस आनि म्हंतीस, आज्जी, एवढी पुरी करून द्या. लकव्यानं हात गेला म्हंतीस तिचा. कुठला, उजवा? उजवाच जायचा. शिवणाऱ्या बाईचा डावा कशाला जातोय. बोलता येतंय का तिला? थोडं थोडं येतंय—मग बरं हाय, शिव्या घालायपुरतं तरी ऱ्हायलं.

ती वाकळ ठेव बाजूला. उघडू नको अजून. आधी ऐक, कारन सासूनं तुला सगळं सांगितलं नसंल, आपलं आपन कोन सांगतंय. तर ह्या उचगावात, ह्याच गल्लीत, दोन बाया ऱ्हात हुत्या. एक शांतव्वा, म्हंजे मी, नवरा लवकर गेलेली, पदरात एक लेक रक्षिता. आनि दुसरी पारूबाई, तुझी सासू, तिचा नवरा हुता पर असून नसल्यागत. शाळंचं तोंड दोघींनी बघितलं न्हाय. पर सुई—सुई अशी चालायची दोघींची की शेरातल्या राजारामपुरीच्या बाया रिक्षानं गठुडी घिऊन यायच्या. जुनी लुगडी, धोतरं, फाटकी चादर. एका वाकळंवर दोघी बसायचो, एक ह्या कोपऱ्याला, एक त्या कोपऱ्याला, आनि बोलत बोलत मधी यायचो. मधी आलो की वाकळ संपली आनि गप्पाबी संपल्या. मग भाकरी सोडायची. तिची मी खायचो, माझी ती. त्या काळात, आमच्या गल्लीत, लिंगायताच्या बाईनं तुमच्या घरची भाकरी खायची म्हंजे—जाऊ दे. मी खाल्ली एवढं खरं.

तुला येती का गं वाकळ? न्हाय. आजकाल कोनाला येती. ऐक, फुकट सांगतो. नवं कापड घ्यायचं न्हाय, नव्यात खळ असती, वाकळ ताठ ऱ्हाती, मानूस अंगावर घेतंय आनि फळकुटावानी वाजतंय. धा वर्सं धुतलेलं लुगडं पायजे, हातात घेतलं की सायीवानी. ते अंथरायचं, त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं, आनि हातानं सुरकुती मारायची, मधनं कडंला, मधनं कडंला. मग लांब लांब कच्चं टाकं घालून सगळं बांधून टाकायचं. आनि खरं शिवाण कुठनं सुरू करायचं? सगळ्या नव्या बाया मधनं सुरू करत्यात. मग कडंला फुगा येतोय, आनि बसत्यात रडत. कडंनं सुरू करायचं. कडंनं गोल गोल आत यायचं, टाका तांदळाएवढा, दोन टाक्यांत जागा तांदळाएवढी. शेवटी मधी, कापडांच्या जोडात, एक मूठभर तोंड ऱ्हातंय. तिथं भाकरीचा कुटका घालायचा आत, वाकळ उपाशी मिटवायची न्हाय. आनि मिटली की मिटली. परत उसवायची न्हाय कधी. पोट भरलेल्या मानसाला कापतंय का कोन?

पर खरा नियम हा न्हवं. खरा नियम असा की बाईनं पाच लुगडी दिली तर पाचच आत गेली पायजेत. वरचं लोकांला दिसतंय, खालचं दिसतंय. मधल्या तीन थरात काय हाय, कोनाला दिसतंय? एकट्या शिवनारणीला. सगळा धंदा त्या न दिसणाऱ्या तीन थरांवर. कोन बाई आपल्या मेलेल्या आईचं लुगडं देती, कोन नवऱ्याचं धोतर देती, ती काय उसवून बघणार हाय? ती तुझ्या तोंडाकडं बघून घिऊन जाती.

आता ऐक. किल्लारीचा भूकंप झाला ना, त्र्याण्णव साली, त्या दिवाळीत माझी रक्षिता पयल्या बाळंतपनाला आली हुती. सासर राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर, सासू मास्तरीन. मी म्हनलं, माझ्या नातवाला मी वाकळ शिवणार. आनि तिसऱ्या थरात, अगदी मधी, माझ्या अव्वाचं इरकल घालणार. अव्वा म्हंजे माझी आई, निपाणीकडची. एकच चांगलं लुगडं हुतं तिला. काळं अंग, तांबडा पदर, पदरावर पांढरे पट्टे. लग्नाकार्यात तेच, देवाला जाताना तेच. तिच्या माघारी माझ्या ट्रंकंत कडुलिंबाच्या पाल्यात वीस वर्सं ठेवलेलं. म्हनलं, अव्वाची ऊब पोराला लागू दे.

नुसते थर अंथरून झाले आनि माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. पंधरा दिवस पट्टी. तवा मी माझ्या हातानं, ह्या हातानं, वाकळ आनि इरकल पारूच्या मांडीवर ठेवलं. म्हनलं, वरचे दोन थर उचल, हे आत अंथर आनि पुरी कर. ती म्हनली, जा तू, काळजी करू नको. पट्टी सुटली, वाकळ तयार. एवढी देखणी की बघत ऱ्हावं. मी हात फिरवला का? न्हाय फिरवला. पारूच्या कामावर हात फिरवून बघायचा म्हंजे तिला चोर म्हनणं.

सहा वर्सांनी उंदरानं दावलं मला. नातू संगमेश इथं सुट्टीला आला हुता, वाकळ घिऊनच झोपायचा. उंदराला त्या भाकरीचा वास लागला आसंल, मधोमध भोक पाडलं. शिवावं म्हणून बोट घातलं आत. एक थर, दोन थर—तिसऱ्याला इरकल न्हाय. फुलाफुलाची चादर. सोलापुरी चादर, अगदी स्वस्तातली. मी सगळी उसवली मग. नियम मोडून उसवली, अंगणात, भर दुपारी. माझी अव्वा कुठंच न्हवती.

मी गेलो तुमच्या दारात. तू तवा लगीन होऊन आली न्हवतीस. हाक मारली. पारू भाईर आली, हातात पीठ. म्हनलं, इरकल कुठं हाय? ती माझ्याकडं बघितली, मग माझ्या मागं बघितली, आनि म्हनली—हाय. एवढंच. हाय. म्हनलं, कुनाला इकलंस? ती हाताचं पीठ झाडत ऱ्हायली. म्हनलं, मेलेल्या बाईच्या अंगावरचं चोरलंस. सगळी गल्ली गोळा झाली. आनि मग बाया तुमच्या जातीवर गेल्या—असल्यांच्या हातात दिलंसच कशाला म्हनल्या. चार-पाच जणी म्हनल्या. मी त्यांना गप्प बसा म्हनलं असतं तर बसल्या असत्या. मी न्हाय म्हनलं. मीच गप्प बसलो. वीस वर्सं जिची भाकरी खाल्ली, तिच्या दारात उभं ऱ्हाऊन मी—हे का सांगितलं मी तुला? हे सांगायचं न्हवतं मला. हे सोड तू. लोक काय बोललं ते सोड. फसवलं कोनी कोनाला, ते बघ.

आन ती वाकळ इकडं. किती जाड हाय ही? पाच थर. टाका तिचाच, तांदळाएवढा, हात जायच्या आधीचा. हितनं पुढं बघ, टाका लांब झालाय, तिरका झालाय, म्हंजे हितं तिचा हात जाय लागला. तरी शिवतच हुती. मधलं तोंड उघडं हाय. बोट घालतो थांब. एक. दोन. मऊ हाय. तिसरं—

तिसरं घसरतंय. पदर रेशमाचा हाय. आनि ही गाठींची ओळ—इरकलाचा पदर अंगाला गाठी मारून जोडत्यात, एकेक दोरा, ती ओळ बोटाला लागती, मोजून घे पायजे तर. एक गाठ सुटलेली हाय हितं, अव्वाच्या जोडव्यात अडकून सुटली हुती, मी ल्हान हुतो तवा.

हे तिच्याकडंच हुतं? तेरा वर्सं? मग द्याय काय झालं हुतं? इकलं न्हाय, नेसली न्हाय, मग कशापायी ठेवलं? सांग, खाली बघू नको. तुला ठाव हाय. तुझ्या तोंडावर दिसतंय.

कोन म्हनलं?

रक्षितानं? माझ्या रक्षितानं सांगितलं पारूला, घालू नका म्हणून? मी दवाखान्यात पट्टी बांधून पडलो आसताना? तिची सासू म्हनली आसंल, मेलेल्या बाईचं लुगडं बाळाच्या अंगावर नको. म्हननारच ती, तिसऱ्या मजल्यावरची. पर पोरीनं मला सांगायचं न्हवं? मी काय वाघ हाय? 'आईला सांगू नका मावशी, तिला वाईट वाटंल'—असं म्हनली? वा. लई जपलं माझ्या मनाला. आनि पारूनं शब्द दिला, आनि पाळला. त्या दिवशी दारात ती माझ्या मागं बघितली ना, मला आता कळतंय. माझ्या मागं रक्षिता उभी हुती. संगमेशला न्याय आली हुती. सगळं ऐकत हुती. मी चोर म्हनलं, गल्ली जातीवर गेली, आनि माझी पोरगी पिशवी धरून उभी ऱ्हायली.

न्हाय, पारूला मोठ्या मनाची म्हनू नको माझ्यापुढं. लई सोसलं तिनं, मान्य हाय. पर मला तेरा वर्सं खोट्यात ठेवलं का न्हाय? दोघींनी मिळून. एक माझ्या पोटची, एक माझ्या ताटातली. चोर आसती तर बरं झालं आसतं, चोराला मानूस इसरून जातंय.

आनि आता ही कुनासाठी शिवत हुती? इरकल घालून? एवढीशी हाय, ही काय थोरल्या मानसाची न्हवं, ही तर—

दिवस गेल्यात? रक्षिताला? तेरा वर्सांनी?

किती? सहावा सरला. सहावा सरला आनि मला तू सांगतीस, पारूबाईची सून. संगमेशनंतर दोनदा गेलं तिचं पोटातलं, दोन्ही बारीला माझ्या मांडीवर डोकं ठिऊन रडली. म्हणून भीत हुती म्हंतीस, कुनाला सांगायचं न्हाय ठरवलं हुतं. पर पारूला सांगितलं. तिच्याकडं जाऊन म्हनली, मावशी, तवा घालू नका म्हनलं ते आता घाला, मग आईपुढं जातो. मग आईपुढं. आधी मावशी, मग वाकळ, मग आई.

न्हाय, रडत न्हाय मी. ऑपरेशनच्या डोळ्यातनं पाणी येतंयच.

ऊठ आता. वाकळ ठेव हितं. मी पुरी करतो, तिरकं झालेलं दीड वीत उसवून परत घालतो—न्हाय, उसवत न्हाय. आसू दे तसंच, तिचा हात हाय. रक्षिताला सांगू नको तू बोललीस म्हणून. तिला तिच्या तोंडानं सांगू दे. मी पयल्यांदा ऐकल्यावानी ऐकीन, पेढं आन म्हनीन. मलाबी येतंय की लपवाय, ह्याच घरात शिकल्या त्या दोघी. आनि पारूला—काय सांगशील पारूला? काय सांगू नको. मी येतो म्हणूनबी सांगू नको. यायचं झालं तर गल्लीतल्या सगळ्या बाया भाईर आसतील तवा, दिवसाढवळ्या येईन, आनि जे बोलायचं ते त्यांच्या देखत बोलीन. न्हाय जमलं तर न्हाय.

दार वढून घे जाताना. माझ्या लेकीच्या घरात पोर येतंय, तीन म्हैनं ऱ्हायल्यात, आनि माझी नजर चार वाजूस्तवरच चालती. जा म्हनलं न्हवं.