पाटे तुटले नव्हते

अण्णा, मालतीवहिनी, आणि जमलेल्या सर्व मंडळींनो,

आपण दुकानं बंद ठेवून, शेतातली कामं टाकून इथं आलात. मला सभेत बोलायची सवय नाही. त्यातून आज तर शब्दच सापडत नाहीत. रविवारी सकाळी ज्याच्या शेजारी बसून मी हसत होतो, त्याच्याच शोकसभेत आज उभा आहे. हे मला अजून खरं वाटत नाही. मी डॉक्टर आहे, तरी खरं वाटत नाही.

अनंता आपल्या शाळेचा चित्रकलेचा शिक्षक. माझा लहानपणापासूनचा मित्र. त्यानं घरच्या अंगणात मोटार बांधली, हे साऱ्या महाडला ठाऊक आहे. मुंबईहून भंगारातली जुनी गाडी आणली, तिचं इंजिन ठेवलं, बाकी सगळं नवं. बुटकी, दोन माणसांची, शर्यतीच्या मोटारीसारखी. आम्ही चेष्टा केली. तो हसायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

पण एका गोष्टीवर तो फार दिवस अडला होता. गाडी कशावर तोलायची? ट्रकसारख्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांवर, की गुंडाळीच्या स्प्रिंगवर, प्रत्येक चाक सुटं ठेवून? चाकं सुटी असली तर एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं जमीन सोडत नाही, वळणावर गाडी चिकटून राहते. त्याला मनापासून तेच हवं होतं. अंगणात चुन्यानं त्यानं तेच चित्र काढलं होतं, खऱ्या मापाचं. वहिनी त्याला वळसा घालून तुळशीला पाणी घालायच्या.

आपला गणपत लोहारही त्याच बाजूचा. "सर, पाटं तर सगल्याच गाड्यांना हायत. आपन गुंडालीची करू. मला जमंल."

अनंता म्हणाला, "तुला जमेल रे. पण पोलादपूरच्या पुढं घाटात ती तुटली, तर दुसरी कोण देईल? पाटा तुटला तर कुठलाही ट्रकवाला हात लावील."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः पाणी ओतून ते चित्र पुसलं. वहिनींनी विचारलं, "एवढं आवडलेलं, का पुसलंत?" तो म्हणाला, "आपला रस्ता बघूनच गाडी करायला हवी." बोलला, आणि बराच वेळ ओल्या अंगणाकडे बघत राहिला.

मग पाटे ठरले. ट्रकचे पाटे हलक्या गाडीला फार ताठ. म्हणून त्यानं गणपतला त्यातले काही काढायला सांगितलं. गणपत कचरत होता. अनंतानं काढायलाच लावले.

मंडळी, मी हे का सांगतोय? कारण गावात बोललं जातंय. गणपतनं पाटे कमी केले, ते तुटले, गाडी उलटली, सर गेले. आपला मुलगा असा गेला, हेच अण्णांच्याही कानावर गेलं.

मी त्या गाडीत होतो. ऐका.

आम्ही पोलादपूरच्या रस्त्याला लागलो. खड्डे होते, वळणं होती. गाडी डोलत होती, पण रस्ता सोडत नव्हती. अनंता म्हणाला, "दत्तू, बघितलंस?" त्याचा चेहरा कसा सांगू तुम्हाला? मग थोड्या वेळानं म्हणाला, "जरा थांबू या." त्यानं गाडी शांतपणे कडेला घेतली. इंजिन बंद केलं. हातब्रेक ओढला. मला वाटलं, याला पाटे बघायचेत. मी उतरलो, वाकलो, चारी चाकांशी बघितलं. म्हटलं, "पाटे ठीक आहेत रे."

उत्तर आलं नाही.

त्याचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं होतं. मी त्याला गवतावर निजवलं. मला जे जे येतं ते सगळं केलं. हृदय बंद पडलं होतं. कसली तक्रार नाही, कसली खूण नाही. असं कसं होतं? मला लोक विचारतात. मी कुणाला विचारू?

अनंताला ट्रकमधून घरी आणलं, गाडी तिथंच राहिली. मधलं लोकांनी आपापल्या मनानं भरलं. पण पाटे तुटले नव्हते. गाडी उलटली नव्हती. जाता जाता त्यानं मला सुखरूप कडेला उतरवलं.

गणपत त्या दिवसापासून भट्टी पेटवत नाही. आत्ताही तो बाहेर, पायरीवर उभा आहे. गणपत, आत ये. जरा वाट द्या त्याला.

अण्णांनी हात केलाय. त्यांच्याजवळ बस, गणपत. नाही, खाली नको. अण्णा खुर्ची दाखवतायत.

सकाळी वहिनी मला म्हणाल्या, "गाडी रस्त्यावर नको. घरी आणा. गणपतभाऊंनीच चालवत आणायची." मी तो निरोप इथं, सगळ्यांसमोर देतो.

अनंता, तुला माझा नमस्कार. यापुढं मला बोलवत नाही. आपण सगळे उभे राहू या, आणि थोडा वेळ कुणीच काही बोलू नये. अण्णा, तुम्ही बसूनच राहा.